गुप्तधनाचें नवें अंजन

भूमींत पुरलेल्या धनाविषयीं आपल्या लोकांत किती तरी कल्पना रूढ आहेत! हंड्यावर नाग बसलेला असतो, पुरणाराचा जीव त्यांत घोटाळत असतो, आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातलें म्हणजे त्यास जमिनीच्या पोटांतील द्रव्य स्पष्ट दिसूं लागतें, असें आम्हीं लहानपणीं वडील माणसांच्या तोंडून ऐकलें आहे. पायाळूवर आज फारसा कोणाचा विश्वास उरलेला नाहीं. परंतु तें अंजन मात्र शास्त्रज्ञांनीं खरोखरीच सिद्ध केलें असून, इंग्लंडांत अनेक वयोवृद्ध गृहस्थ तें हातांत घेऊन शेतांतून हिंडत असतात. या अंजनानें काय दिसतें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे काय दिसत नाहीं, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें अंजन म्हणजे धातुशोधक यंत्र. व्यवहारांत आपण त्यास मेटल डिटेक्टर म्हणतों. लांब दांड्याच्या टोकास तारेचें वेटोळें असतें. त्यांतून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे भोंवतीं सतत बदलणारें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्यायोगें जमिनींतील धातूंतही लहानसा प्रवाह उठतो, आणि त्याची वर्दी यंत्र नाद करून देतें. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांस गोळी लागली, तेव्हां टेलिफोनकर्ते ग्रॅहॅम बेल यांनीं ती शोधण्याकरितां याच तत्त्वावरील यंत्र लाविलें होतें. पण त्यांस यश आलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत सुरुंग हुडकण्याकरितां असलीं यंत्रें सैनिकांच्या हातीं आलीं, आणि पुढें हलकीं व स्वस्त होऊन तीं सामान्य जनांच्या घरांत शिरलीं.

सेवानिवृत्त मनुष्यास हा छंद विशेष मानवतो, यांत नवल नाहीं. मोकळी हवा, मंद चाल, सोबतीस एखादा स्नेही आणि घाई नसलेलें मन, एवढेंच भांडवल त्यास लागतें. दहा वेळां यंत्र वाजावें आणि दहाही वेळां खिळा, बाटलीचें बूच किंवा गंजका पत्रा निघावा, तरी अकराव्या वेळीं वांकण्याचा उत्साह ज्याच्यापाशीं उरतो, तोच या छंदांत टिकतो.

सफोक परगण्यांत हॉक्सन नांवाचें खेडें आहे. तेथील एका शेतकऱ्याचा हातोडा शेतांत हरवला होता. तो शोधून देण्याकरितां १६ नोव्हेंबर १९९२ रोजीं त्याचे स्नेही एरिक लॉज हे यंत्र घेऊन शेतांत उतरले. लॉज हे सेवानिवृत्त माळी. यंत्र वाजलें, पण हातोड्याऐवजीं चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीं वर येऊं लागलीं.

येथें आम्हांस क्षणभर थांबावेंसें वाटतें. हातांत खोरें आहे, पायाखालीं सोनें आहे, आणि पाहणारें तिसरें कोणी नाहीं, अशा वेळीं मनुष्य काय करील? लॉज यांनीं कांहीं वस्तू वर काढल्या आणि मग खणणें थांबविलें. त्यांनीं व शेतकऱ्यानें जमिनीच्या मालकांस आणि पोलिसांस वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशीं पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं येऊन सर्व ठेवा रीतसर उकरून काढला. सुमारे १५,००० रोमन नाणीं आणि सुमारे २०० सोन्याचांदीच्या वस्तू निघाल्या. हातोडाही सांपडला आणि ब्रिटिश म्यूझियमला अर्पण करण्यांत आला!

हात आवरल्याचें फळ केवढें मोठें, तें पाहण्याजोगें आहे. मूळची लांकडी पेटी केव्हांच कुजून माती झाली होती. परंतु वस्तू जागच्या जागीं असल्यामुळें पेटीचा आकार व आंतील मांडणी शास्त्रज्ञांस ओळखतां आली. वाडगे एकांत एक बसविलेले होते, आणि लहान पेट्यांचीं इवलींशीं रुपेरी कुलपें तेथेंच पडलीं होतीं. यावरून ही चोराची घाईघाईनें दडविलेली लूट नव्हे, कोणा संपन्न कुटुंबानें जपून बांधलेला संसार होता, असें अनुमान निघतें. एका कंकणावर ज्यूलियाना या स्त्रीचें नांव व तिला दिलेला शुभाशीर्वाद कोरलेला आहे. अखेरचीं नाणीं इ. स. ४०७-०८ चीं, म्हणजे ब्रिटनवरील रोमन सत्ता मावळत होती तो हा काळ. मिरपूड ठेवण्याचीं चार चांदीचीं पात्रेंही त्यांत आहेत. मिरीं त्या काळीं आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून पश्चिमेस जात. कोठें मलबार आणि कोठें सफोकचें शेत!

१९९३ सालीं या ठेव्याचें मोल १७,५०,००० पौंड ठरलें. तें बक्षीस लॉज यांस मिळालें, आणि त्यांनीं तें शेतकऱ्याबरोबर वांटून घेतलें.

परंतु सर्वच यंत्रधारी असे सज्जन असते तर पंडितांचा या छंदावर रोष झाला नसता. १९८० नंतरच्या दशकांत सरे परगण्यांतील वॉनबरो येथील रोमन देवालयाची जागा लुटारूंनीं उकरून हजारों नाणीं पळविलीं. जुन्या कायद्याप्रमाणें, धन परत काढून घेण्याच्या हेतूनें पुरलें होतें असें ठरावें लागे. देवास वाहिलेल्या द्रव्यास ही कसोटी लागू पडेना. अशा अनुभवांतूनच १९९६ चा नवा कायदा निघाला, आणि १९९७ पासून हौशी शोधकांनीं आपले शोध स्वखुषीनें नोंदवावे अशी योजना सुरू झाली. तींत पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. शोधकांस नुसतें चोर म्हणून हांकून लावण्यापेक्षां त्यांस सहकारी करून घेण्यांत अधिक शहाणपण आहे, हेंच यावरून सिद्ध होतें.

ठेवा अखंड राहण्याचें महत्त्व आपल्याही इतिहासांत दिसतें. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपान क्षत्रपाचीं १३,२५० हून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. नहपानाच्या पराभवाची कथा या प्रमाणावरूनच इतकी ठसठशीत झाली. हींच नाणीं सोनारांच्या मुशींत गेलीं असतीं, तर चांदी कायम राहिली असती. इतिहास मात्र वितळून गेला असता.

आपल्याकडे १८७८ सालींच यासंबंधीं कायदा झाला. दहा रुपयांहून अधिक किंमतीचें पुरलेलें धन सांपडल्यास कलेक्टरास कळवावें, आणि पूर्वीचा धनी न निघाल्यास चार हिश्श्यांपैकीं तीन सांपडविणारास व एक जमिनीच्या मालकास मिळावा, असें त्यांत ठरविलें होतें. पण हंडा सांपडला कीं ‘सरकार नेईल’ या भीतीनें तोंड मिटावयाचें, हीच आपली जुनी रीत.

यंत्रास धातू कळतो, काळ कळत नाहीं. नाण्याचें वय, त्याचे शेजारी, त्याची खोली हें सर्व मातीच्या थरांत लिहिलेलें असतें, आणि तो लेख एकदांच वाचतां येतो. कारण वाचतां वाचतांच तो पुसला जातो. म्हणून आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या शेतांत नांगराच्या फाळास एखादें नाणें लागलें, तर त्यांनीं तें चिंच लावून घासूं नये, सोनाराकडे नेऊं नये आणि आणखी खणूं नये. जागेवर खूण करावी व जाणत्यांस बोलवावें. हॉक्सनच्या वृद्ध माळ्यानें केलें तें एवढेंच. पण तेवढ्यानें एका बुडत्या काळाची अखंड पेटी जगास मिळाली.