हाडावरची पट्टी आणि विजेने ओढलेला धागा

मावळात पावसाळा सरला, की लोखंडी गज खरवडून पुन्हा रंगवावे लागतात. शरीरात बसवलेली पट्टी मात्र बारमाही खाऱ्या द्रवात असते. रंग द्यायला ती बाहेर काढता येत नाही.

१९०७ साली बेल्जियमचे शल्यविशारद लाम्बोत यांनी पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी बसवली. ८ दिवसांत पट्टी विरली, कातडीखाली वायू साठला. दोन भिन्न धातू आणि खारे पाणी, म्हणजे आपण वर्गात दाखवतो तो विद्युतघटच!

गंमत अशी, की आजच्या अस्तराचा धागाही विजेनेच ओढतात. या रीतीचे एक पेटंट फोर्महाल्स यांना १९३४ साली मिळाले. पॉलिमरच्या द्रावणाच्या थेंबाला हजारो व्होल्टचा दाब दिला, की त्याचा शंकू होतो आणि टोकातून केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून बारीक धागा निघतो. अशा धाग्यांच्या जाळीत पेशींना पकड मिळते, औषधही भरता येते. पण जाळी म्हटली की भोके आलीच. नुसत्या जाळीने गंज थांबेल, हे आम्हाला पटत नाही. खाली सलग थर हवा. मॅग्नेशियम कायमचे झाकायचेही नाही. हाड जुळेपर्यंत ते टिकले आणि मग हळूहळू विरले, तर पट्टी काढण्याची दुसरी शस्त्रक्रिया वाचते.