बायोडाटातला रक्तगट आणि माझी आत्या

गेल्या आठवड्यात भाचीचा लग्नाचा बायोडाटा करायला बसलो होतो. नाव, जन्मतारीख, रास, नाडी, उंची, शिक्षण भरून झालं आणि 'रक्तगट' हा रकाना आला. मी 'बी निगेटिव्ह' लिहिलं. शेजारी बसलेली बहीण लगेच म्हणाली, "दादा, निगेटिव्ह कशाला लिहायलास? नुसतं बी लिही. मागच्या स्थळानं तेवढ्यावरूनच नाही म्हणलं."

मी काही बोललो नाही. पण मला आत्या आठवली. म्हणून आज हे जरा लांबण लावून लिहितोय.

आत्याचं लग्न ७२च्या दुष्काळात झालं. आमचं गाव सेनगावकडचं, तेव्हा हा सगळा भाग परभणी जिल्ह्यात होता. ७४ साली तिला पहिला मुलगा झाला, ठणठणीत. ७७ साली दुसरं लेकरू झालं. ते पहिल्याच दिवशी पिवळं पडलं आणि चौथ्या दिवशी गेलं. तिसऱ्याचंही तसंच. चौथं तर पोटातच गेलं. बाळंतपणं घरीच, गावातल्या सुईणीच्या हातून. कावीळ उतरवायला माळ घातली, सटवाईला नवस झाले, औंढ्याला नागनाथाच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी ठरलं काय, तर बाईलाच दोष आहे, हिच्या पोटाला बाधा आहे. आतोबांनी दुसरी बायको केली. आत्या त्याच घरात पुढची चाळीस वर्षं राहिली. बारशाला, ओटीभरणाला तिला कुणी पुढं बोलवायचं नाही.

खरं कारण कळलं ते २००३ साली. आत्याचं गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं, त्यासाठी रक्त तपासलं. बी निगेटिव्ह. डॉक्टरांनी बाळंतपणांची चौकशी केली, सगळं ऐकून घेतलं आणि मला बाहेर बोलावून कागदावर आकृती काढून समजावलं. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की आत्याच्या लेकरांच्या मरणाला नाव आहे आणि त्यावर इलाजही होता.

हा इलाज कसा सापडला ते थोडक्यात सांगतो.

१९३९ साली फिलिप लेविन आणि रूफस स्टेट्सन या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमधल्या एका बाईची हकीकत छापली. तिचं मूल पोटात दगावलं होतं. रक्त फार गेलं म्हणून तिला नवऱ्याचं रक्त दिलं. दोघांचाही गट ओ, तरी तिला जोराचं रिॲक्शन आलं. म्हणजे ए, बी, ओ याच्या पलीकडं रक्तात आणखी काहीतरी होतं. १९४० साली कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हीसस जातीच्या माकडाच्या रक्तावरून केलेले प्रयोग छापले आणि त्या 'काहीतरी'ला आर-एच हे नाव पडलं. ज्यांच्या तांबड्या पेशींवर 'डी' नावाचा घटक असतो ते पॉझिटिव्ह, ज्यांच्यात नसतो ते निगेटिव्ह. बस, एवढाच फरक. निगेटिव्ह म्हणजे खराब नव्हे, 'नाही' एवढाच त्याचा अर्थ.

आता भानगड कुठं होते? आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असला तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या शरीराला ते परकं वाटतं आणि ते त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. तोवर पहिलं बाळ बाहेर आलेलं असतं, म्हणून ते बहुतेक वेळा वाचतं. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असलं, की तीच प्रतिपिंडं वारेतून त्याच्यापर्यंत पोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. लेकरू पिवळं पडतं, सुजतं, दगावतं. आत्याच्या घरी घडलं ते अगदी ओळीनं हेच. आणि नीट बघा, बापाचं रक्त पॉझिटिव्ह असल्याशिवाय हे घडतच नाही. पण सवत आली ती बाईवर.

१९६०च्या दशकात इंग्लंडात लिव्हरपूलला सिरिल क्लार्क आणि रोनाल्ड फिन, तर न्यूयॉर्कला फ्रेडा, गॉर्मन आणि पोलॅक यांनी तोड काढली. आईचं शरीर जागं व्हायच्या आतच तिला बाहेरून तयार 'अँटी-डी' द्यायचं. बाळाच्या पेशी तिच्या रक्तातून निघून जातात आणि शरीराला त्यांची ओळखच पटत नाही. न्यूयॉर्कच्या मंडळींनी चाचण्या सिंग सिंग तुरुंगातल्या स्वेच्छेनं तयार झालेल्या कैद्यांवर केल्या. आज आपण बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत इंजेक्शन घ्या म्हणतो, त्या मुदतीचं मूळ या तुरुंगातल्या भेटींच्या वेळापत्रकात आहे. १९६८ साली या इंजेक्शनला अमेरिकेत परवाना मिळाला.

१९६८. आत्याचं पहिलं बाळंतपण १९७४चं. हा सहा वर्षांचा हिशोब माझ्या डोक्यातून जात नाही. जगात औषध निघालं होतं. आमच्या गावात साधा रक्तगट तपासायची सोय नव्हती.

आता सोय आहे, पण गैरसमज तिथंच आहेत. मी स्वतः ओ निगेटिव्ह. कॉलेजात रक्तदान शिबिरात कार्ड मिळालं तेव्हा एक मित्र सगळ्यांसमोर म्हणाला, "आई-बाप दोघंही पॉझिटिव्ह, मग तू निगेटिव्ह कसा काय रे?" तेव्हा मान खाली गेली होती. आज उत्तर माहीत आहे. दोन्हीकडून लपलेला निगेटिव्ह गुण आला, की पॉझिटिव्ह आई-बापांचं मूल निगेटिव्ह होऊ शकतं. असल्या अर्धवट माहितीवरून कुणाच्या आईवर संशय घेऊ नये.

दुसरा गैरसमज, 'नाडी म्हणजेच रक्तगट'. अहो, नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते आणि रक्तगट आई-बापाकडून येतो. सख्ख्या दोन बहिणींचा गट एक आणि नाड्या वेगळ्या असू शकतात. नवरा-बायकोचा गट एकच असला की मूल व्यंग निघतं, हेही खोटं.

तिसरा मोबाईलवर फिरणारा, की निगेटिव्ह माणसं माकडापासून आलेलीच नाहीत, ती परग्रहावरची. गंमत म्हणजे माकडावरून नाव पडलं खरं, पण माकडाच्या रक्तानं दाखवलेला तो घटक आणि माणसाचा 'डी' घटक वेगळे आहेत, हे पुढं सिद्ध झालं. नावावर उभारलेली गोष्ट नावासकट पडली.

चौथा, 'निगेटिव्ह म्हणजेच बॉम्बे ग्रुप'. नाही. बॉम्बे गट १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगापुढं आणला. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण त्या माणसाला ओ रक्तही चालत नाही. आपल्याकडं तो साधारण दहा हजारांत एखाद्याचा असतो. निगेटिव्ह मात्र भारतात शंभरात पाचेक असतात. २०११च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. त्या हिशोबानं आपल्या जिल्ह्यातच पन्नास हजारांवर माणसं निगेटिव्ह निघतील. इतक्या पोरींना बायोडाटात खोटं लिहायला लावणार का?

आणि खोटं लिहिण्यात खरा धोका आहे. सासरी पॉझिटिव्ह सांगितलं, दवाखान्यातही तेच सांगितलं आणि इंजेक्शन राहून गेलं, तर आत्याची गोष्ट पुन्हा घडेल. म्हणून हात जोडून सांगतो. दिवस गेले की पहिल्याच तपासणीत रक्तगट बघा. बाई निगेटिव्ह असली तर नवऱ्याचाही बघा. तोही निगेटिव्ह असेल तर ही भानगडच नाही. तो पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टरांना अँटी-डीबद्दल स्वतःहून विचारा. साधारण सातव्या महिन्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत एक. गर्भपात झाला तरी विचारा, तेव्हाही ते लागू शकतं. एकदा प्रतिपिंडं तयार झाली, की मग या इंजेक्शनचा उपयोग होत नाही.

२००३ला दवाखान्यातून परतताना जीपमध्ये मी आत्याला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "म्हंजे माझ्यात काई नव्हतं?" मी म्हणलं, "नव्हतं, आत्या." ती म्हणाली, "हे तुझ्या आतोबाला सांग." आतोबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

भाचीच्या बायोडाटात मी 'बी निगेटिव्ह' तसंच ठेवलंय. भाचीनंच खाली एक ओळ टाकायला लावली, 'मुलाचा रक्तगट कळवावा.' बहीण अजून धुसफुसतीय. पण जे घर हे वाचून फोन करील, त्या घरात माझी भाची सुखात राहील असं मला वाटतं.

तुमच्या घरात असं काही घडलं असेल तर लिहा. नाव नका टाकू, पण लिहा.