मकबऱ्याचा दर्शनी चेहरा

छत्रपती संभाजीनगरात पाहुणे आले की त्यांना बीबी का मकबरा दाखवायला न्यायचं, आणि तिथे कुणीतरी हमखास भिंतीवर टिचकी मारून म्हणायचं, "वरती नुसतं प्लास्टर आहे हो!" 'गरिबांचा ताज' हे नावही त्याच सुरातलं. वास्तुरचनेत 'फसाड' म्हणजे इमारतीची दर्शनी बाजू. इंग्रजी बोलण्यात मात्र तोच शब्द वरवरच्या देखाव्यालाही लावतात. मकबऱ्यावरचा आक्षेप हा या दुसऱ्या अर्थाचा.

औरंगजेबाची बेगम दिलरास बानू 1657 मध्ये याच शहरात वारली. तिच्या कबरीवर 1660 च्या सुमारास ही वास्तू उभी राहिली. श्रेय तिचा मुलगा आझमशहा याला दिलं जातं. पण त्याचा जन्म 1653 चा, म्हणजे तेव्हा तो जेमतेम सात वर्षांचा. पैशाची थैली बापाच्याच हातात असणार, आणि बाप हात आखडून खर्च करणारा. गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनामा'त हिशेब आण्यापर्यंत दिला आहे: 6 लाख 68 हजार 203 रुपये 7 आणे.

मोठा प्रश्न वाहतुकीचा होता. संगमरवर आणायचा तो जयपूरकडच्या खाणींतून. सुरतेहून गोवळकोंड्याला निघालेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याला वाटेत संगमरवराने लादलेल्या सुमारे 300 गाड्या दिसल्या. त्यातल्या लहानात लहान गाडीलाही 12 बैल जुंपलेले होते. काळा पाषाण मात्र इथे पायाखालीच होता.

भिंत जवळून पाहिली की हा हिशेब डोळ्यांना दिसतो. खाली साधारण कमरेच्या उंचीपर्यंत संगमरवर. त्याच्या वर घुमटाच्या पायथ्यापर्यंत काळ्या दगडाचं बांधकाम, त्यावर चुन्याचा गुळगुळीत घोटलेला गिलावा आणि गिलाव्यातच उठवलेली वेलबुट्टी. घुमट पुन्हा संगमरवरी. म्हणजे महागडा दगड नेमका दोन ठिकाणी: माणसाचा हात पोचतो तिथे आणि लांबून पहिली नजर जाते तिथे. मधला भाग गिलावा करणाऱ्या कारागिरांनी सांभाळला. तेही काही सोपं काम नव्हे. चुना भिजवून मुरवायचा, घाण्यात मळायचा, थरावर थर चढवायचे आणि शेवटचा थर चकाकी येईपर्यंत घोटत राहायचं.

आता आग्र्याकडे पाहू. ताजमहालही आतून मुख्यतः विटांचाच आहे. मकराण्याचा संगमरवर त्यावर बाहेरून चढवलेला. वरचं आवरण म्हणजे फसवणूक असं म्हणायचं, तर ताजही त्यातून सुटत नाही. दोन्हीकडे रचनाकारांचं घराणंही एकच. मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावरच्या लेखात रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावं आहेत, आणि हा अताउल्ला म्हणजे ताजचा रचनाकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. बापाने विटेवर संगमरवर चढवला, मुलाने काळ्या दगडावर चुना.

देखभालही दोन्ही वास्तूंच्या मागे लागलेली आहेच. पाऊसपाण्याने मकबऱ्याचा गिलावा काळवंडतो, पोपडे धरतो, मग पुरातत्त्व खात्याला चुन्याची डागडुजी करावी लागते. प्रदूषणाने पिवळ्या पडणाऱ्या ताजच्या संगमरवराला तेच खातं 1994 पासून अधूनमधून मुलतानी मातीचा लेप लावत आलं आहे.