मुंजीच्या पत्रिकेतील कविता

उन्हाळ्याची सुटी लागली, की नागपुरात मुंजीचे मुहूर्त शोधले जातात आणि पत्रिकेचा मजकूर ठरू लागतो. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हा प्रघात कायम ठेवून वर चार ओळींची घरची कविता छापण्याची हौस अनेक कुटुंबांत असते. छपाईवाल्याकडे तयार चारोळ्या मिळतात. नाव बदलले की काम भागते. मात्र ती कविता मग कोणत्याही बटूची असते, आपल्या बटूची नव्हे.

उपनयन म्हणजे गुरूजवळ नेणे. गृह्यसूत्रांनी ब्राह्मण बटूसाठी आठवे वर्ष सांगितले आहे. कंबरेला बांधायची मेखला मुंज नावाच्या गवताची, म्हणून ‘मौंजीबंधन’ आणि त्यावरून मुंज. या विधीत कवितेला सर्वांत जवळचा प्रसंग आहे तो मातृभोजनाचा. आईच्या ताटात जेवण्याची ती परंपरेने शेवटची वेळ. त्यानंतर मुलगा भिक्षा मागतो, तीही प्रथम आईकडे. हल्ली संध्याकाळी तो पुन्हा आईच्याच हातचा वरणभात खातो हे खरे. तरीही त्या ताटाशी डोळे ओलावतात. म्हणून कविता आईच्या तोंडी असेल तर तिथून सुरुवात करावी. तेजस्वी सूर्य, ज्ञानदीप वगैरे शब्द तेथे परके वाटतात.

कविता बटूच्या तोंडी असेल तर त्याची भाषा आठ वर्षांची हवी. वृत्त कोणते घ्यावे? मंगलाष्टकांचे शार्दूलविक्रीडित भारदस्त खरे, पण प्रत्येक चरणात १९ अक्षरे आणि लघुगुरूंचा पक्का क्रम. आत्या-मावशांनी अंतरपाटामागे गाण्यासाठी ते राखून ठेवावे. सुरेश भटांचे अखेरचे वास्तव्य पाहिलेल्या शहरात गझलेचा मोह पडणे साहजिक. परंतु गझलेचा प्रत्येक शेर स्वतंत्र असतो आणि निमंत्रणाला सलग बोलणे लागते. नवशिक्याला मोठा अभंगच सोपा. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. नमुना असा :

आठव्या वर्षात । पाऊल ठेवतो ।
आजीला सांगतो । मुंज माझी ॥
सायकल थोडी । बाजूला ठेवीन ।
पळीने घेईन । आचमन ॥
ऊन नागपुरी । सोसून या तुम्ही ।
कैरीचे पन्हेही । वाट पाहे ॥

जोडाक्षर एकच अक्षर मोजावे. ‘सायकल’च्या जागी आपल्या मुलाचे खरे वेड घालावे, क्रिकेट, पतंग, काहीही.

तिथी, मुहूर्त व कार्यालयाचा पत्ता पद्यात कोंबू नये. पाहुणा चुकला तर यमक त्याला कार्यालयात पोचवत नाही. खरी परीक्षा नावांची असते. काकांचे नाव आले आणि मामांचे राहिले तर आजोळचा रुसवा वर्षानुवर्षे पुरतो. त्यामुळे नावे खाली ‘निमंत्रक’ व ‘आप्तेष्ट’ यांतच द्यावीत. दिवंगत आजोबांची आठवण घालायची असल्यास आधी आजीला विचारावे. काहींना ती ओळ हवीहवीशी वाटते, काहींना मंगलकार्यात सोसत नाही.

छापण्यापूर्वी एक वाचन बटूसमोर करावे. वर्गमित्रांच्या हाती हीच पत्रिका जाणार असते. ‘सोनुला’, ‘छकुला’ ऐकून तो कानकोंडा झाला, तर तो शब्द आजीला कितीही आवडो, काढून टाकावा.