पाद्री कुणाचे?

मंडळी, "पाद्री आणि गोरं सरकार म्हणजे एकाच माळेचे मणी" असा एक फॉरवर्ड सध्या आपल्या उमरखेडच्या ग्रुपांवर फिरतोय. हातमिळवणी होती, यात वाद नाही. १५८३ मध्ये गोव्यात कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेसुइटांना मारलं, तेव्हा पोर्तुगीज सरकारनं गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी बोलावून ठार केलं. पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही.

मुंबई घ्या. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालनं हे बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं. पुढं ते कंपनीकडे आलं, पण चर्चमधले फ्रान्सिस्कन पाद्री राहिले गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखाली. आणि तो आर्चबिशप नेमायचा पोर्तुगालच्या राजाच्या शब्दावर; पोपनंच तसा हक्क दिलेला. म्हणजे राज्य एकाचं अन् प्रवचन दुसऱ्याच्या माणसाचं. शेजारी वसई, साष्टी पोर्तुगिजांकडे. हे पाद्री आपली रयत फितवतील, ही कंपनीची धास्ती. शेवटी १७२० मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून यानं फ्रान्सिस्कनांना बेटाबाहेर काढलं आणि थेट रोमच्या हुकमातल्या कार्मेलाइट पाद्र्यांना आणलं. गंमत बघा, कंपनी प्रोटेस्टंट, आणि कॅथलिकांचा पाद्री कोण हे ती ठरवणार!

पुढं १७८९ मध्ये कंपनीनं चर्च परत गोव्याच्या आर्चबिशपकडे दिले, १७९१ मध्ये पुन्हा कार्मेलाइटांकडे, आणि १७९४ मध्ये दोघांत वाटून टाकले. भावकीत धुरा-बांध वाटावा तसं. प्रार्थनेला येणाऱ्या कोळी-भंडाऱ्याला कुणी विचारलं असेल असं मला तरी वाटत नाही.

गोव्यात तर संघासंघांतही एकी नव्हती. जेसुइट फादर स्टीफन्सनं मराठी ओवीत रचलेलं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. १६८४ मध्ये मात्र फ्रान्सिस्कनांच्या आग्रहावरून व्हाइसरॉयनं हुकूम काढला: तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. बोली काही मेली नाही.

आणि ज्या जेसुइटांसाठी कुंकळ्ळीत रक्त सांडलं, त्यांचं काय झालं? लिस्बनचा मंत्री पोंबाल याला त्यांची ताकद खुपायला लागली. १७५९ मध्ये त्यांच्याच कॅथलिक राजाच्या सरकारनं गोव्यातल्या जेसुइटांना पकडलं, मालमत्ता जप्त केली आणि पुढं त्यांना जहाजानं लिस्बनला धाडलं. १८३५ मध्ये फ्रान्सिस्कनांसकट उरलेल्या संघांच्या मठांनाही सरकारनंच कुलपं लावली.