ओटीवरचे पाहुणे



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण तसं किरकोळ आहे. गेल्या आठवड्यात माळ्यावरची जुनी ट्रंक खाली उतरवली. सौ.ला पितळेचं तबक हवं होतं. तबक काही मिळालं नाही, पण तळाशी एक गाठोडं निघालं. जुन्या सुती साडीचे शिवलेले वीस-बावीस मास्क, आणि त्यांच्यात घडी घातलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर माझ्या पुतण्याचं नाव, त्याच्या बायकोचं नाव, त्यांच्या मुलीचं नाव, वय वर्षे ५, 'मुंबईहून आगमन' आणि 'चौदा दिवस'. तारीख मे २०२०.

ती चिठ्ठी हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. मास्कची गोष्ट तुम्हा सगळ्यांकडे असेलच. चिठ्ठीची गोष्ट मात्र आमच्या घराची आहे आणि ती सांगायची तर मला शंभर वर्षं मागे जावं लागेल. मास्तरांची खोड! मुलांनी 'आज काय आहे?' विचारलं की आम्ही 'काल काय झालं' तिथून सुरुवात करणार.

माझी आजी मुरुडचीच. १९१८ साली ती बारा-तेरा वर्षांची होती. तेव्हा मुरुड जंजिरा संस्थानात होतं, नवाब सिद्दी अहमदखान गादीवर होते. त्या वर्षीच्या साथीला आजी 'मानमोडी' म्हणायची. ताप, अंगदुखी, मान वर करवत नाही, म्हणून मानमोडी. 'इन्फ्लुएंझा' हा शब्द तिने आयुष्यात उच्चारला नसेल. तिचा पाठचा भाऊ त्यात गेला. "तीन दिवस. चौथ्या दिवशी पाणी मागितलं नाही," एवढंच ती सांगायची आणि वातीला तेल घालायला उठायची.

पुढे पुस्तकांतून वाचलं तेव्हा चित्र जुळत गेलं. मे १९१८ च्या अखेरीला महायुद्धाच्या सैनिकांना घेऊन एक जहाज मुंबई बंदराला लागलं. १० जूनला गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. ही पहिली लाट, त्या मानाने सौम्य. सप्टेंबरात दुसरी आली ती मात्र काळ होऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसं मेली. त्यात त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला, धान्य महाग. गिरणीतला, गोदीतला माणूस घाबरून गावाकडे निघाला आणि रोग त्याच्या बोचक्याबरोबर निघाला.

आमच्याकडे तो कसा आला असेल? मला वाटतं बोटीने. पावसाळ्यात कोकणची समुद्रवाहतूक बंद असायची, त्यामुळे जूनची लाट बहुधा आमच्या किनाऱ्यापर्यंत फारशी पोचली नसावी. दर्या शांत होऊन बोटी सुटू लागल्या आणि नेमकी दुसरी लाट त्याच सुमाराला. हा माझा तर्क आहे. पण आजी 'बोट आली आणि मानमोडी आली' असंच म्हणायची, म्हणून धीर करून लिहिलं.

देशभरात किती गेले? एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत आकडे सांगतात. भूगोल शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो की भारताची लोकसंख्या १९११ ते १९२१ या एकाच दशकात कमी झाली आणि म्हणून १९२१ ला 'महाविभाजन वर्ष' म्हणतात. मुलं पाठ करायची, दोन गुण मिळवायची. त्या घटलेल्या आकड्यात आजीचा भाऊ आहे, हे माझ्या निवृत्तीपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगतो.

तर मुद्दा असा की १९१८ साली हा आजार कशाने होतो हेच जगात कुणाला ठाऊक नव्हतं. मोठमोठे डॉक्टर एका जंतूला दोष देत होते आणि तो भलताच निघाला. इन्फ्लुएंझाचा खरा विषाणू माणसाच्या घशातून वेगळा काढला गेला तो १९३३ मध्ये, लंडनला, फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांवर प्रयोग करून. म्हणजे पंधरा वर्षांनी! ज्याचं नावच ठाऊक नाही त्याची चाचणी कशी करणार? मग उरतो बचाव. गुळण्या, निलगिरीचं तेल, धुरी, कापराची पुरचुंडी. अमेरिकेत सॅनफ्रान्सिस्कोला ऑक्टोबर १९१८ मध्ये मास्कची सक्ती झाली, तर जानेवारीत तिथे चक्क मास्कविरोधी संघ निघाला. (म्हणजे २०२० साली टीव्हीवर जे पाहिलं ते काही नवं नव्हतं.)

मास्कचा विषय निघालाच आहे तर एका माणसाबद्दल सांगायलाच हवं. डॉ. वू ल्येन-तेह. पेनांगमध्ये जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला. हा रोग श्वासातून पसरतो असं त्यांचं म्हणणं होतं आणि म्हणून कापूस आणि जाळीदार कापड यांचे थर करून तोंडाला बांधा, असं ते सांगू लागले. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांनी ते उडवून लावलं, मास्क न बांधता रुग्ण तपासायला गेले, आणि काही दिवसांतच प्लेगने वारले. त्यानंतर मास्क न बांधणारा कुणी उरला नाही म्हणतात. माझ्या सौ.ने साडी फाडून शिवलेले मास्क त्याच घराण्यातले, फक्त गरीब शाखेतले!

आता आजीकडे परत येतो. तिचा एक नियम होता. मुंबईहून कुणीही येवो, जावई असो की सख्खा मुलगा, त्याने आधी ओटीवर बसायचं. परसात चुलीवर पाणी तापायचं, तिथेच आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात, आणि मग माजघरात पाऊल. पहिले काही दिवस झोपायचंसुद्धा ओटीवर. आम्ही पोरं हसायचो. माझ्या काकूला तर तो उघड अपमान वाटायचा, "आम्ही काय विटाळशी आहोत का?" म्हणायची. आम्हा शिकलेल्यांना ते सोवळं वाटायचं, आणि मी बी.ए. झाल्यावर तर त्यावर आजीला एक व्याख्यानही दिलं होतं. तिने ऐकून घेतलं. १९७४ साली ती गेली तोपर्यंत नियम बदलला नाही.

त्यानंतर मुंबईकर थेट स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागले. ते २०२० पर्यंत.

मधे एकदा २००९ चा स्वाइन फ्लू येऊन गेला. ३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी दगावली, देशातला पहिला मृत्यू. शाळा बंद, सिनेमागृहं बंद, दुकानांतले मास्क संपलेले, लोक रुमाल बांधून फिरत होते. तपासणीची सगळी भिस्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेवर. ही संस्था १९५२ ची, तेव्हा नाव विषाणू संशोधन केंद्र. माझी मुलगी तेव्हा पुण्यात होती. फोनवर मी तिला आजीची निलगिरी सुचवली, तिने मला हात धुण्याच्या पायऱ्या सांगितल्या. असो.

मग करोना. ३० जानेवारी २०२० ला केरळातल्या पहिल्या रुग्णाचं निदान पुण्याच्या याच संस्थेत झालं. म्हणजे नवा विषाणू जगाला कळून महिनाही झाला नव्हता आणि आपल्याकडे त्याची ओळख पटवता येत होती. कुठे पंधरा वर्षं आणि कुठे हे! ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. त्याच महिन्यात मायलॅब या पुण्याच्या कंपनीच्या मीनल दाखवे-भोसले यांनी सहा आठवड्यांत देशी चाचणी संच तयार केला, १८ मार्चला तो विषाणू संस्थेकडे सोपवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. मी ही बातमी दोनदा वाचली होती.

ती आरटीपीसीआर चाचणी म्हणजे नेमकं काय, हे मला एका माजी विद्यार्थिनीने समजावलं. नाकातल्या नमुन्यात विषाणूचा आरएनए कणभर असतो. त्याचा आधी डीएनए करायचा आणि मग तो दुप्पट, दुप्पट, दुप्पट करत जायचा. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आठवा. तीस वेळा दुप्पट केलं की एकाचे शंभर कोटींच्या वर होतात. मग तो दिसतो. जितक्या कमी फेऱ्यांत दिसला तितका तो मुळात जास्त होता. शिकवायला किती सुंदर धडा आहे हा!

पण धडा सुंदर असून उपयोग काय? मे २०२० मध्ये चाचणी हातात येणं सोपं नव्हतं. सुरुवातीला खाजगी प्रयोगशाळेतला दर साडेचार हजार रुपयांपर्यंत. जूनमध्ये राज्याने तो २२०० वर आणला, आणि ५०० वर यायला मार्च २०२१ संपावा लागला. आणि पैसे असले तरी नियम असा की बाहेरगावाहून आलेल्याला लक्षणं असली तर चाचणी, नसली तर चौदा दिवस वेगळं राहायचं.

पुतण्या गिरगावात राहतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "काका, पास मिळालाय, आम्ही येतोय." दोन खोल्या, पाच वर्षांची पोर, खालच्या मजल्यावर रुग्ण सापडलेला. मी "ये" म्हणालो. आणि ते आले तेव्हा गाडी दारात थांबू दिली नाही.

हे मला लिहायलाच हवं. गावातल्या चार जणांनी येऊन सांगितलं होतं की मुंबईकर शाळेत राहतील, घरात नाही. पण माझा स्वतःचाही जीव घाबरला होता. मी सत्तरीच्या घरात, सौ.ला दमा. त्याला ताप नव्हता, खोकला नव्हता, म्हणून चाचणी नव्हती. आणि चाचणी नाही म्हणजे तो निर्दोष आहे हे सिद्ध करायची सोयही नव्हती. मी मास्क बांधून रस्त्याच्या पलीकडून बोललो. पोरगी गाडीतून "आजोबा" म्हणून हाक मारत होती. ती चिठ्ठी त्या दिवशीची. ज्या शाळेत त्यांना ठेवलं तिथे सौ. रोज डबा पाठवायची. तो फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर ठेवायचा आणि मागे सरायचं.

नववा दिवस ३ जून. निसर्ग चक्रीवादळ. रायगडवाल्यांना पुढचं सांगायला नको. आदल्या संध्याकाळी किनाऱ्यालगतच्या घरांतली माणसं त्याच शाळेत आणून ठेवलेली. वर विलगीकरणातले, खाली वादळातले. दुपारी वरच्या खोल्यांचे पत्रे उडाले आणि सगळे खालच्या एका मोठ्या खोलीत आले. दोन हातांचं अंतर राखा म्हणणाऱ्यांनी तेव्हा तिथे असायला हवं होतं.

आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या, घराची अर्धी कौलं गेली. वारा पडल्यावर आडव्या झाडांवरून चढत-उतरत मी शाळेत गेलो. पुतण्या कोपऱ्यात पोरीला मांडीवर घेऊन बसला होता. ओला मास्क तोंडाला चिकटलेला, तरी त्याने काढला नव्हता. मी म्हटलं, "चल घरी." तो काही बोलला नाही. तिघंही माझ्यामागून आले.

घराशी आल्यावर मी दार उघडलं. तो पायरीवर थांबला. "काका, आम्ही ओटीवरच बसतो. पाच दिवस राहिलेत."

त्याच्या आवाजात राग होता की काळजी, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. ते पाच दिवस तिघं ओटीवर राहिले. वर ताडपत्री, वीज नाही, परसात चुलीवर पाणी. कपडे सौ.ने उकळले. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

एप्रिल २०२१ मध्ये मला ताप आला. नमुना दिला आणि निकाल यायला चार दिवस लागले. तेवढे दिवस मी स्वतःच गादी उचलून ओटीवर गेलो. निकाल पॉझिटिव्ह आला, पण निभावलं. लशीचा एक डोस झाला होता. दुसऱ्या का तिसऱ्या रात्री पुतण्याचा फोन. पहिलं वाक्य, "काका, कुठे झोपलाय?"

"ओटीवर."

"बरं," म्हणाला, आणि मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

गणपतीला येतायत तिघं. पोर आता बरीच उंच झाली म्हणे. मास्क धुऊन परत ट्रंकेत ठेवले आहेत. चिठ्ठी मात्र बाहेरच ठेवली आहे, टेबलाच्या खणात.