गुडघ्यातली काळी फट

शेगाव ते पंढरपूर पायी वारी केलेल्या माझ्या आजीला खामगावात डॉक्टर म्हणाले, "गादी झिजली." मी एक्स-रे उजेडाला धरला. गादी कुठेच दिसेना. दोन हाडांमध्ये काळी फट, तीही आतल्या बाजूला मिटलेली.

गादी दिसणारच नव्हती. १८९५ साली राँटगेनने बायकोच्या हाताचं चित्र घेतलं, तेव्हाही उठून दिसली ती हाडं आणि अंगठी. कूर्चा बहुतांशी पाणीच. क्ष-किरणांना ती जवळपास अदृश्य. मग १९५७ मध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी फटीची रुंदी, हाडांना फुटलेले कोंब वगैरे पाहून शून्य ते चार अशी प्रतवारी लावली. आजही तीच चालते. म्हणजे कूर्चा न पाहताच तिचा हिशेब! आम्ही लॉग नसताना बग शोधतो, तसंच.

१९७३ मध्ये लॉटरबरने एमआरआयचं पहिलं चित्र छापलं आणि पाणीच दिसू लागलं. आता टी-२ मॅपिंगमध्ये कूर्चा पातळ होण्याआधीच तिच्यातला बदल कळू शकतो. आजीसाठी तो टप्पा केव्हाच मागे पडला होता. एमआरआयची गरज नाही, डॉक्टर म्हणाले.

मी हे सगळं तिला समजावलं. तिने शांतपणे ऐकलं. "मंग औंदा वारीले जाऊ का नाई?"